कॉर्विड, कॉर्वाइन आणि आमच्या आगरातला टकाचोर

आगरातली

नमस्कार मंडळी. एका शब्दाशी अडले आहे, म्हणून हा धागा.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्र हाकेच्या अंतरावर. दोन खोल्या पाहुण्यांना देतो. मागे नारळी-पोफळीचं आगर, त्याच्या पलीकडे खाजण, त्यामुळे पाखरांची वर्दळ बारा महिने असते. गेल्या हंगामात पक्षी बघायला आलेले एक काका आठवडाभर राहिले आणि जाताना आमच्या आवारातल्या पक्ष्यांवर दोन पानांचं इंग्रजी टिपण लिहून देऊन गेले. ते मराठीत करून, प्रत्येक पक्ष्याचं चित्र स्वतः काढून पडवीत लावायचं आहे.

टिपणात टकाचोराबद्दल लिहिलंय की हा 'कॉर्विड' आहे. पुढे पाणकावळ्याबद्दल लिहिलंय की काळा रंग आणि खुंटावर बसायची ढब यांमुळे तो 'कॉर्वाइन' वाटतो, पण 'कॉर्विड' नाही. माझ्याकडच्या जुन्या कोशात 'कॉर्वाइन'ला 'कावळ्याचा, कावळ्यासारखा' असा अर्थ आहे. 'कॉर्विड' त्यात नाहीच. मोबाइलला विचारलं तर तो दोन्ही शब्दांना 'कावळा' म्हणून मोकळा होतो. त्या हिशेबाने भाषांतर असं होतं: टकाचोर हा कावळा आहे, पाणकावळा मात्र कावळा नाही. हे मी मोठ्याने वाचलं, तेव्हा सासूबाई वाल सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "टकाचोर कावळा कसा गो? तो कधी पिंडाला शिवलाय?"

त्यांचं म्हणणं मला पटलं आणि काकांचं टिपण चुकीचं असेल असंही वाटत नाही. मग दोघंही बरोबर असतील असं मराठी वाक्य कसं लिहायचं?

---

पाटीपेन्सिल

आगरातली ताई, प्रश्न फार चांगला आहे. मी रत्नागिरीत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. जमेल तसं सांगतो.

दोन्ही शब्दांचं मूळ एकच, लॅटिन 'कॉर्वस'. फरक शेपटीत आहे. 'कॉर्वाइन'मागे लॅटिनचा 'इनुस' हा प्रत्यय आहे. त्याचा अर्थ 'त्याच्याशी संबंधित, त्याच्यासारखा'. कॅनाइन, फेलाइन, बोवाइन, इक्वाइन ही सगळी त्याच साच्यातली. 'कॉर्विड' आला 'कॉर्विडी' या कुलाच्या शास्त्रीय नावातून. प्राणिशास्त्रात प्रत्येक कुलाच्या नावाला हाच 'इडी' प्रत्यय लावतात. तो मुळात ग्रीक, आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'अमक्याचा पुत्र, अमक्याचा वंशज' असा होतो. आपल्याकडे पांडूचे पांडव, रघूचा राघव, दशरथाचा दाशरथी होतो, तसा हा अपत्याचा प्रत्यय समजा.

म्हणजे 'कॉर्विड' हा नात्याचा शब्द आहे. पक्षी त्या कुळात जन्माला आला तर तो कॉर्विड, नाहीतर नाही. दिसतो कसा, ओरडतो कसा, हे तिथे कोणी विचारत नाही. 'कॉर्वाइन' हा रूपाचा आणि गुणाचा शब्द आहे. माणसाचं नाक कॉर्वाइन असू शकतं, आवाज असू शकतो, मान तिरकी करून एका डोळ्याने बघण्याची लकब असू शकते. माणूस कॉर्विड मात्र कधीच होऊ शकत नाही.

ही कसोटी लावून बघा. एखाद्या माणसाच्या बाबतीत जिथे शब्द चालतो, तिथे 'कॉर्वाइन' घ्या. जिथे कुळाची नोंद करायची आहे, तिथे 'कॉर्विड'.

शेळीचं उदाहरण देतो, म्हणजे पक्कं बसेल. शेळी 'बोविड' आहे, कारण गाय, म्हैस, गवा यांच्याच कुलात ती मोडते. पण शेळीला 'बोवाइन' कोणी म्हणणार नाही, तिच्यासाठी 'कॅप्राइन' हा वेगळा शब्द आहे. टकाचोर ही तुमच्या आगरातली शेळी आहे. कुळ कावळ्याचं, रूप स्वतःचं.

---

खाजणकाठ

पाटीपेन्सिल सरांनी भाषेची बाजू सांगितली, मी पक्ष्यांची सांगतो. देवगडला असतो, पंधरा वर्षं दुर्बीण गळ्यात आहे.

कॉर्विडी हे मोठं कुल आहे. जगभरात सुमारे १३० जाती. नुसते कावळे नाहीत, मॅगपाय, जे, नटक्रॅकर, चफ हे सगळे त्यातच येतात. आपल्या किनारपट्टीवर नेहमी दिसणारे कॉर्विड मोजून तीन: करड्या मानेचा गावकावळा, सगळा काळा डोमकावळा आणि टकाचोर. पहिले दोन 'कॉर्वस' या गटातले, टकाचोर 'डेंड्रोसिट्टा' या गटातला. तुमच्या सासूबाई ज्याला कावळा म्हणतात, तो म्हणजे बरोब्बर कॉर्वस हा गट. पिंडाला गावकावळा शिवला काय नि डोमकावळा शिवला काय, दोन्ही चालतात, आणि टकाचोर चालत नाही. शास्त्राने जिथे रेघ ओढली, तिथेच त्यांनीही ओढली आहे, फक्त एक पायरी खाली. काका कुलाबद्दल बोलत होते, सासूबाई गटाबद्दल. दोघंही बरोबर.

टकाचोर कावळ्याचा नातलग, हे एकदम पटत नाही. विटकरी अंग, काळपट डोकं, पंखावर राखाडी-पांढरा पट्टा आणि हातभर वाटणारी शेपटी. पण जवळून बघा. माझ्या खिडकीसमोर शेवग्याच्या फांदीवर एकदा पालीसारखं काहीतरी घेऊन बसला होता. भक्ष्य पायाखाली फांदीवर दाबून धरलं आणि जाड, टोकाला वाकलेल्या चोचीने एकेक लचका तोडला. थेट कावळ्याची रीत. चोचीच्या बुडाशी नाकपुड्या झाकणारी राठ पिसं असतात, तीही कावळ्याला आहेत. दुसऱ्यांची अंडी, पिल्लं पळवणं, एका आवाजाऐवजी पाच-सहा आवाज काढणं, हेसुद्धा आलंच. रंग सोडला तर कुळ लपत नाही.

पाणकावळ्याची गोष्ट उलटी. अंगभर काळा, नावात कावळा, पण पाय बघितले की संपलं. बोटं पडद्याने जोडलेली, चोच टोकाला आकड्यासारखी, मासा धरायला घडवलेली. खाडीतल्या खुंटावर पंख पसरून वाळवत बसतो, ते कुठल्या कावळ्याने कधी केलंय? कावळ्याच्या कुळाशी त्याचा काहीही संबंध नाही.

---

मालवणी तिरफळ

खाजणकाठ दादा, पाणकावळ्यावरून एक विचारतंय. आमी त्याका पाणकावळो म्हणतो, म्हणजे पाण्यातलो कावळो. इंग्रजीतलो 'कॉर्मोरंट' पण असोच काय तरी आसा काय?

---

पाटीपेन्सिल

तिरफळ, अगदी तसाच! 'कॉर्मोरंट' जुन्या फ्रेंचमधून आला आणि मूळ लॅटिन 'कॉर्वस मारिनुस', म्हणजे समुद्रकावळा. त्याच्या शास्त्रीय नावातलं 'फॅलॅक्रोकोरॅक्स' ग्रीक आहे, अर्थ 'टकला कावळा'. लॅटिन बोलणाऱ्यांनी, ग्रीक बोलणाऱ्यांनी आणि आपल्या खाडीवरच्या माणसांनी आपापल्या जागी उभं राहून तोच पक्षी बघितला आणि तिघांनाही कावळाच आठवला. रूपावरून नाव ठेवायची माणसाची खोड सगळीकडे सारखी. 'कॉर्वाइन' हा शब्द त्या खोडीतून आलेला आहे, आणि मला तो म्हणूनच आवडतो.

रातबगळ्याचंही तसंच. त्याचं शास्त्रीय नाव 'निक्टिकोरॅक्स', म्हणजे रात्रीचा कावळा. संध्याकाळी खाजणावरून जाताना तो जो घशातून 'क्वाक्' असा एकच आवाज टाकतो, त्यावरून.

---

घाटमाथा

चर्चा छान चालली आहे, पण मला एक शंका मांडू द्या. हा फरक तुम्ही म्हणता इतका काटेकोर आहे का? 'कॉर्वाइन' म्हणजे 'कावळ्याच्या कुलातला' असाही अर्थ दिलेले इंग्रजी कोश मी पाहिले आहेत. जुन्या पक्षीग्रंथांत तर सर्रास तसा वापर आहे. मग आगरातली ताईंनी दोन्हीला 'कावळावर्गीय' म्हटलं तर काय बिघडलं? पडवीतल्या पाटीवर कोण एवढं बघतं?

---

पाटीपेन्सिल

घाटमाथा, तुमच्या पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे आणि मी तो आधीच सांगायला हवा होता. 'कॉर्वाइन' इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे. 'कॉर्विड' रुळला तो विसाव्या शतकात. मधल्या तीनेकशे वर्षांत कुळ आणि रूप, दोन्हींचा भार 'कॉर्वाइन' एकटाच वाहत होता. म्हणून जुन्या पुस्तकांत तो दोन्ही अर्थांनी भेटतो आणि कोशही ती नोंद ठेवतात. नवा शब्द आल्यावर कामाची वाटणी झाली. आज अभ्यासकांच्या लेखनात कुलासाठी 'कॉर्विड'च दिसेल, नाम म्हणूनही आणि विशेषण म्हणूनही. 'कॉर्वाइन' ललित लेखनाकडे, वर्णनाकडे सरकला आहे. घरात धाकटी जाऊ आल्यावर थोरलीच्या हातचं अर्धं काम कमी व्हावं, तसं झालं.

दुसरा मुद्दा मात्र मान्य नाही. काकांनी एकाच परिच्छेदात 'कॉर्वाइन आहे पण कॉर्विड नाही' असं लिहिलंय. दोन्हीला एकच शब्द लावला तर वाक्यच उभं राहत नाही. आणि पडवीतली पाटी पाहुण्यांची मुलं वाचतात, तीही पुन्हा पुन्हा, पाऊस कोसळत असताना दुसरं काही करण्यासारखं नसतं म्हणून. लहानपणी पाटीवर वाचलेलं आयुष्यभर राहतं.

---

खाजणकाठ

यात तिसरा शब्दही आहे, 'कॉर्वॉइड'. कुलाच्या वरच्या पायरीला, म्हणजे अधिकुलाला, शास्त्रात 'ऑइडिया' असा प्रत्यय लावतात. 'कॉर्वॉइडिया' या अधिकुलात कॉर्विडांबरोबर खाटीक, स्वर्गीय नर्तक आणि आपला कोतवाल येतात. म्हणजे विजेच्या तारेवर बसून घारीच्या मागे लागणारा, दुभंगलेल्या शेपटीचा काळाकुट्ट कोतवाल कॉर्विड नाही, पण कॉर्वॉइड आहे. सख्खा नाही, लांबचा भाऊबंद.

आणि कोकीळ? नर काळा, लाल डोळ्याचा, कावळ्याच्याच घरट्यात अंड्यातून बाहेर आलेला, कावळीनेच घास भरवून वाढवलेला. पण कुळ कोकिळांचं ते कोकिळांचंच. कावळ्याच्या घरी वाढून कोणी कॉर्विड होत नाही.

शास्त्रज्ञही सुरुवातीला रूपावरच गेले होते, हे सांगायचा मोह आवरत नाही. १७५८ मध्ये लिनियसने नीलपंखाला नाव दिलं ते 'कॉर्वस बेंघालेन्सिस'. होय, दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो निळा नीलपंख त्याने कावळ्यांच्या गटात बसवला होता. आणि १७९० मध्ये लॅथमने टकाचोराला नाव दिलं 'कोरॅशियस व्हॅगाबुंडा', म्हणजे खऱ्या कॉर्विडाला नीलपंखांच्या गटात टाकलं. दोघांची अदलाबदल! पुढे दोन्ही दुरुस्त झालं, नीलपंख 'कोरॅशियस'मध्ये गेला आणि टकाचोर कावळ्यांच्या कुळात परत आला. त्यातही 'कोरॅशियस' हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलं, त्याच्या मुळाशी पुन्हा 'कोरॅक्स', म्हणजे कावळाच. नीलपंख कावळ्यांतून बाहेर पडला, पण नावातून कावळा काही गेला नाही.

---

अस्थिर हाडं

मी चिपळूणला फिजिओथेरपिस्ट आहे. पक्ष्यांतलं कळत नाही, पण 'कोरॅक्स' शब्द वाचून थांबले. आमच्याकडे कावळे हाडांत आहेत!

खांद्याच्या पात्याला पुढच्या बाजूला वाकडं बोट काढल्यासारखा एक भाग असतो, 'कोरॅकॉइड'. दंडाच्या बेटकुळीच्या स्नायूचं एक टोक तिथे चिकटतं. आत्ता बसल्या जागी बघा: गळ्याच्या हाडाच्या बाहेरच्या टोकाखाली जो खळगा आहे, तिथे अंगठ्याने दाबा. आत एक टणक गोळी लागेल आणि थोडं दुखेल. तोच. त्याचा अर्थ 'कोरॅक्ससारखा', डोमकावळ्याच्या चोचीसारखा वाकलेला.

दुसरा 'कोरोनॉइड', कोपराच्या हाडाला एक आणि खालच्या जबड्याला एक. आम्ही कॉलेजात असताना याचा अर्थ मुकुटासारखा असावा असं समजून चाललो होतो. पण तो 'कोरोने' या ग्रीक शब्दावरून आला आहे. कोरोने म्हणजे साधा, लहान कावळा, आणि आकड्यासारख्या वाकड्या वस्तूलाही तेच म्हणायचे. परीक्षेत कोरॅकॉइड आणि कोरोनॉइड यांची अदलाबदल करणारी मुलं दरवर्षी असतात. मी आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना असंच सांगणार: खांद्यावर डोमकावळा, कोपरावर गावकावळा.

सर, मग 'ऑइड' आणि 'आइन' यांत फरक काय?

---

पाटीपेन्सिल

डॉक्टर ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि अंगठ्याने दाबूनही बघितलं. लागली गोळी.

'ऑइड' हा ग्रीक 'एइडोस'वरून, अर्थ 'आकार, रूप'. म्हणून 'कोरॅकॉइड'मध्ये निव्वळ आकाराचं साम्य आहे, स्वभाव नाही, आवाज नाही. 'कॉर्वाइन'मध्ये आकार, रंग, आवाज, चाल, लबाडी, चिकाटी सगळं मावतं. खाजणकाठ यांचा 'कॉर्वॉइड' ऐकायला तसाच, पण तो अधिकुलाच्या नावावरून पाडलेला, म्हणून अर्थाने नात्याचा. शेपूट एकसारखी असली तरी कुठून तोडली ते बघावं लागतं.

ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या कावळ्याचं शास्त्रीय नाव 'कॉर्वस कोरोनॉइडिस' आहे. सरळ अर्थ लावला तर 'कावळ्यासारखा कावळा'. आणि इंग्रजीत त्याला म्हणतात रेव्हन!

---

ओहोटी

रेव्हनचा विषय निघालाच आहे तर विचारते. मी इंग्रजी कादंबऱ्या वाचते, त्यात 'रेव्हन-हेअर्ड' मुली फार. 'रेव्हनस' हे भुकेलेल्या माणसाला. हे दोन्हीही कावळ्याचेच का? आपणही 'पोटात कावळे कोकलतायत' म्हणतो, म्हणून मला वाटलं होतं की जुळलं.

---

पाटीपेन्सिल

पहिला कावळ्याचा, दुसरा नाही. 'रेव्हन-हेअर्ड'मध्ये पक्ष्याचा फक्त रंग घेतलाय, तोही कौतुकाने: चकाकणारा, निळसर झाक असलेला काळा. मराठीत तिथे 'काळेभोर' हवं. 'कावळ्यासारखे केस' लिहिलंत तर नायिका रुसेल. मात्र संस्कृतात मुलांच्या कानशिलावरच्या झुलपांना 'काकपक्ष' म्हणत, म्हणजे कावळ्याचे पंख, आणि तो शब्द लाडाचा आहे.

'रेव्हनस' लॅटिन 'रापिना'वरून, अर्थ 'लूट, ओरबाडणं'. पक्षी 'रेव्हन' जुन्या इंग्रजीतून आलाय. दोघांचा रक्ताचा संबंध नाही, कानाला जुळतात इतकंच. तुमचे पोटातले कावळे अस्सल आपलेच आहेत.

एक सावधगिरी. कोशांत रेव्हनला 'डोमकावळा' असा अर्थ देतात, पण आपला डोमकावळा म्हणजे रेव्हन नव्हे. खाजणकाठ सांगतीलच.

---

खाजणकाठ

बरोबर. खरा रेव्हन कोकणात नाही. भारतात तो वर हिमालयात आणि वायव्येकडच्या रखरखीत भागात. आकाराने पुष्कळ मोठा, उडताना शेपटी पाचरीसारखी दिसते, गळ्याखाली पिसांची दाढी. आपल्या डोमकावळ्याला 'कल्मिनाटस' हे नाव १८३२ मध्ये कर्नल साइक्सने दिलं, दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली तेव्हा. म्हणजे तो आपल्याच मुलखातून जगाला कळलेला पक्षी आहे. त्याला परक्याचं नाव कशाला?

आणि 'रेव्हन' व 'क्रो' हा भेद शास्त्राचा नाहीच. दोन्ही कॉर्वस. मोठ्याला रेव्हन, लहानाला क्रो, इतकी ती बोलीतली वाटणी.

---

मालवणी तिरफळ

माशांची गोष्ट ऱ्हवली. माझो भाव मासळी निर्यातीत आसा. आपलो ढोमो, घोळ ह्या कुळातल्या माश्यांका स्पॅनिश गिऱ्हायका 'कॉर्विना' म्हणतत. मी त्याका इचारलंय, ह्या नाव खयसून इला, तेका म्हायत नाय. आता कळला.

आणि म्हाळाची वाडी. आमच्याकडे म्हाळाच्या दिवशी केळीच्या पानार वाडी ठेवतत आणि कावळो येयसर कोण जेवक बसनत नाय. लहानपणी मी तासभर थांबलंय. त्या दिवशी टकाचोर माडार होतो, कोतवाल तारेर होतो, खाडीत पाणकावळे होते. कोणाकच हाक मारली नाय. आजयेन फक्त 'काव काव' केल्यान. म्हणान मी सासूबाईंच्या बाजून.

---

नक्षत्रमाळ

कावळा आकाशातही आहे. आपण ज्याला हस्त नक्षत्र म्हणतो, ते पाच तारे पाश्चात्त्य तारकासमूहात 'कॉर्वस' आहेत, कावळा. ग्रीक कथेत अपोलोने कावळ्याला पाणी आणायला पाठवलं आणि तो अंजीर पिकायची वाट बघत वेळ घालवून बसला. उशिराचं खापर त्याने पाणसापावर फोडलं. म्हणून शेजारी पाण्याचा चषक आणि वासुकी, म्हणजे तो साप, हे तारकासमूह. एप्रिल-मे महिन्यात रात्री दक्षिणेकडे सहज सापडतो, चार ताऱ्यांचा वाकडा चौकोन आणि पाचवा जरा बाजूला. मी त्यात हाताचा पंजाच बघत वाढलो, त्यामुळे कावळा काही केल्या दिसत नाही.

सूर्य हस्तात येतो सप्टेंबरच्या अखेरीस, पितृपक्षाच्या आगेमागे. खाली कावळ्याला घास, वर कावळ्याच्या ताऱ्यांत सूर्य. योगायोगच, पण लक्षात राहिला आहे.

---

आगरातली

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवले. आता शब्द ठरवायला मदत करा.

कॉर्विडसाठी आधी 'काककुलीन' लिहिलं, पण कुलीन म्हटलं की खानदानी असा अर्थ पुढे येतो, म्हणून खोडलं. 'काकवंशीय' पुस्तकी वाटतं. सध्या 'कावळ्याच्या कुळातला' असं लिहिलंय. कॉर्वाइनसाठी 'कावळ्याच्या वळणाचा' सुचलं.

---

घाटमाथा

'कुळातला' उत्तम, माझा विरोध मागे घेतो. पण 'वळणाचा'बद्दल शंका आहे. 'पोरगी आत्याच्या वळणावर गेली' म्हणतो, तेव्हा आत रक्ताचं नातं असतं. पाणकावळ्याला कावळ्याचं वळण दिलंत तर वाचणाऱ्याला नातं आहे असंच वाटेल, आणि तेच टाळायचंय ना?

---

ओहोटी

अक्षराचं वळण म्हणतो, तिथे कुठे नातं असतं?

---

पाटीपेन्सिल

ओहोटी, खरं आहे, पण जिवंत प्राण्याबद्दल बोलताना घाटमाथांचाच अर्थ आधी मनात येतो. मला एक म्हण आठवते आहे. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' या म्हणीतला वाण म्हणजे मुळात वर्ण, रंग. पण शेतकरी आज वाण म्हणतो तो भाताचा वाण, बियाण्याची जात. तो अर्थ घेतला तर कॉर्विड हा वाणाचा शब्द आहे आणि कॉर्वाइन गुणाचा. टकाचोर वाणाने कावळा. पाणकावळा गुणाने.

आणि 'काक' जोडून केलेले आपले जुने शब्द बघा. पोथीत राहून गेलेलं अक्षर घालायच्या खुणेला 'काकपद' म्हणतात. 'काकदृष्टी', 'काकपक्ष'. सगळे आकाराचे, सवयीचे शब्द आहेत. वंशाचा एकही नाही. म्हणून कॉर्विडसाठी नुसतं 'काक' जोडून भागणार नाही, 'कूळ' हा शब्द उघड लिहायलाच हवा. तुम्ही तो लिहिलात, ते योग्य केलंत. कॉर्वाइनला साधं 'कावळ्यासारखा' पुरेसं आहे. साधा शब्द आपल्याकडे असताना घडवायला कशाला जायचं?

---

आगरातली

पटलं. हा शेवटचा मसुदा:

"टकाचोर: विटकरी रंग आणि लांब शेपूट बघून वाटणार नाही, पण हा कावळ्याच्या कुळातला आहे. चोच बघा, आणि खाताना भक्ष्य पायाखाली कसं धरतो ते बघा.

कोतवाल: रंगाने काळा. कावळ्याच्या कुळातला नाही, पण त्या कुळाचा लांबचा भाऊबंद.

पाणकावळा: कावळ्यासारखा काळा आणि नावातही कावळा, पण नातं काही नाही. पाय बघा.

कावळा आणि डोमकावळा: हे दोघे कावळेच. पितरांचा घास यांचा."

शेवटची ओळ सासूबाईंनी सांगितली तशीच लिहिली आहे.

---

खाजणकाठ

मसुदा सुरेख झालाय ताई, एका शब्दालाही हात लावू नका. फक्त चित्राचं सांगतो. पाणकावळ्याचे पाय रंगवताना चारही बोटं पडद्याने जोडलेली दाखवा, मागचं बोटही त्यातच. बदकाची पुढची तीनच जोडलेली असतात आणि पुष्कळ जण त्या सवयीने पाणकावळ्यालाही तसेच पाय काढतात. तुम्ही 'पाय बघा' असं लिहिलंय, म्हणजे मुलं पायच बघणार.